मज्जेतला पावा

मराठीत चक्कर येण्याच्या अनुभवाला निदान पाच शब्द आहेत. भोवळ येते तेव्हा भोवतालचे जग गरगर फिरते. घेरी येते तेव्हा शुद्ध हरपण्याची वेळ जवळ आलेली असते. डोळ्यांपुढे अंधारी येते ती बहुधा एकदम उठून उभे राहिल्यावर. झोक जातो तो चालताना. डोके ठिकाणावर असते, पाऊल मात्र भलतीकडे पडते. पाचवा शब्द ‘चक्कर’. तो या चारही शब्दांच्या जागी चालतो आणि दवाखान्यातल्या केसपेपरवर तोच एकटा उतरतो.

१९७२ साली ड्राकमन आणि हार्ट या अमेरिकन डॉक्टरांनी चक्कर येणाऱ्या रुग्णांचे चार गट पाडले: जग फिरते असे वाटणारे, शुद्ध जाईल असे वाटणारे, चालताना तोल जाणारे आणि यांपैकी कशातच न बसणारे, ज्यांना नुसतेच डोके तरंगल्यासारखे वाटते. आपल्या आज्या-पणज्यांनी पहिले तीन गट बोलीतच पाडून ठेवले होते. चौथ्याला मात्र आपल्याकडेही नाव नाही. मी गेली नऊ वर्षे त्या चौथ्या गटात आहे.

मी डॉक्टर नाही, इतिहासाची पदवीधरही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पंचवीस वर्षे हिशेबनीस म्हणून नोकरी केली आणि उरलेल्या वेळात जुने दवाखाने, देवीची लस, प्लेगच्या छावण्या यांविषयीचे कागद वाचत आले. सत्तेचाळिसाव्या वर्षी चक्कर सुरू झाली. उभे राहिले की जमीन होडीच्या फळीसारखी किंचित हलते, गर्दीत ते वाढते, आडवे झाले की कमी होते. चौथ्या वर्षी मानेचा एमआरआय झाला. त्यात मानेच्या सहाव्या मणक्यापासून छातीच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत, मज्जारज्जूच्या मधोमध, पाण्याने भरलेली एक अरुंद पोकळी दिसली. जास्तीत जास्त रुंदी तीन मिलिमीटर. अहवालात शब्द होता ‘सिरिंक्स’.

एका तज्ज्ञांनी सांगितले, चक्कर यामुळेच. दुसऱ्यांच्या मते हिचा चक्करेशी काही संबंध नाही. पोकळी कदाचित जन्मापासूनच असेल. तिसऱ्यांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला. त्याआधीच्या चार वर्षांत कान, मान आणि मन अशी तीन उत्तरे मिळून झाली होती. आता चौथे आले, आणि या वेळी उत्तर चुकीचे निघाले तर पाठीवर शस्त्र चालणार होते. तेव्हा हिशेबनिसाच्या सवयीने मी एकेका उत्तराची मूळ नोंद शोधायला बसले. प्रत्येक उत्तराला एक साल असते, असे त्या वाचनातून दिसले. त्या सालात वैद्यकाच्या हातात कोणते साधन होते हे पाहिले, की ते उत्तर कुठून आले हेही समजते.

कान

आपल्याकडे चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांत ‘भ्रम’ मोजला आहे. माधवनिदानात मूर्च्छा, भ्रम, निद्रा, तंद्रा आणि संन्यास यांचे एकत्र प्रकरण आहे. शरीर चाकासारखे फिरते आणि माणूस जमिनीवर पडतो, असे भ्रमाचे लक्षण तिथे दिले आहे. मूर्च्छा आणि भ्रम शेजारी बसवूनही त्यांची कारणे वेगळी सांगितली आहेत. घेरी आणि भोवळ यांत आपण करतो तोच हा फरक.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अचानक भोवळ, उलटी आणि कोसळणे म्हणजे मेंदूत रक्त दाटणे असे निदान होई. उपायही त्याला धरूनच: शीर उघडून रक्त काढणे, जळवा लावणे. ८ जानेवारी १८६१ रोजी प्रॉस्पेर मेनिएर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे वेगळे मत मांडले. ते मूकबधिरांच्या संस्थेत डॉक्टर होते. भोवळीबरोबर कानात आवाज होणारे आणि ऐकू कमी येत जाणारे रुग्ण त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. हा रोग मेंदूचा नसून आतल्या कानाचा आहे, असे ते म्हणाले. कबुतरांच्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापल्या तर ती गरगर फिरतात, हे फ्लूरां या शास्त्रज्ञाने त्याच्या तीसेक वर्षे आधी दाखवले होते. पण ते ज्ञान प्रयोगशाळेतून दवाखान्यात पोहोचले नव्हते. मेनिएर पुढच्याच वर्षी, १८६२ साली वारले. आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आजार प्रत्येक कान-नाक-घसा तज्ज्ञाला पाठ असतो.

त्यानंतरचे नाव व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांचे. कान धुण्यासाठी पिचकारीने पाणी सोडले की काही रुग्णांना भोवळ येई. एका रुग्णाने तक्रार केली, की पाणी पुरेसे कोमट नसले तरच असे होते. पुढे कधी पाणी जास्त गरम झाले, तेव्हाही भोवळ आली. डोळ्यांची थरथर मात्र उलट दिशेने झाली. त्या तक्रारीतून बारानींनी गरम-थंड पाण्याची चाचणी तयार केली. डावा कान बिघडला आहे की उजवा, हे आता जिवंत माणसात तपासता येऊ लागले. १९१४चे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियनांच्या कैदेत, मर्व इथल्या छावणीत होते.

कानाचे सर्वांत उपयोगी उत्तर त्यानंतर आले. आतल्या कानातले चुन्याचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत गेले, की कूस बदलताना काही सेकंद जग फिरते. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली त्याची तपासणी पक्की केली. जॉन एप्ली यांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागी नेण्याची युक्ती शोधली. बराच काळ ती कोणी गंभीरपणे घेतली नाही. त्यांचा गाजलेला निबंध १९९२ साली छापून आला. आज ही युक्ती तालुक्याच्या गावीही पाच-दहा मिनिटांत करता येते. कूस बदलताना भोवळ येत असेल, तर वाचकाने गोळ्यांच्या आधी हिची चौकशी जरूर करावी.

माझ्या कानांच्या दोन्ही चाचण्या निर्दोष आल्या.

मन

१८७० साली व्हिएन्नाच्या मोरित्स बेनेडिक्ट यांनी मोकळ्या चौकात येणाऱ्या चक्करेचे वर्णन केले. त्यांचा रोख डोळ्यांच्या स्नायूंवर होता. त्याच सुमारास बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी जवळपास तीच तक्रार असलेले रुग्ण तपासले आणि मुख्य गोष्ट चक्कर नसून भीती आहे असे ठरवले. मोकळ्या जागेच्या भीतीसाठी त्यांनी दिलेले नाव टिकले आणि ‘चौकातली चक्कर’ मागे पडली. पुढची शंभर वर्षे, कान निर्दोष निघालेला रुग्ण बहुधा मनाच्या खात्यावर टाकला गेला. बाई असेल आणि पन्नाशीकडे झुकलेली असेल तर ही नोंद अधिकच झटपट होते. ‘वय आहे, होतं असं’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या टेबलांपुढे ऐकले आहे.

त्या दोन टोकांमधली वाट अलीकडे सापडू लागली आहे. २०१७ साली बारानींच्याच नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दीर्घकाळच्या, न फिरणाऱ्या चक्करेच्या एका प्रकाराचे निकष ठरवून दिले. तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवशी डगमगल्यासारखे वाटणे. उभे राहिल्यावर, हालचालीत, गर्दीत किंवा दाट नक्षीच्या फरशीवर ते वाढणे. हा अवयवाचा बिघाड नाही आणि ढोंगही नाही. डोळे, कान आणि पाय यांच्याकडून येणाऱ्या खबरांचा मेळ घालण्याची मेंदूची रीत बदललेली असते, आणि सरावाने ती काही प्रमाणात पूर्ववत होऊ शकते. हे निकष मला बरेचसे लागू पडतात. सुरुवातीला एखादा आजार किंवा धक्का असावा लागतो, तो मात्र माझ्या आठवणीत नाही.

मान

महाराष्ट्रात चक्करेचे सर्वांत लोकप्रिय उत्तर कोणते, असे विचारले तर मी ‘मानेचा स्पॉन्डिलायटिस’ म्हणेन. गळ्यात पट्टा घातलेली माणसे कचेरीत, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात दिसतात. या उत्तराचे साल १९५५. त्या वर्षी रायन आणि कोप यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मानेतून उद्भवणाऱ्या चक्करेची संकल्पना मांडली. कल्पना निराधार नव्हती. मानेच्या स्नायू-सांध्यांतून मेंदूला डोक्याच्या स्थितीची खबर सतत जात असते. अडचण पुराव्याची आहे. चक्कर मानेमुळेच आहे हे सिद्ध करणारी एकही निर्णायक चाचणी नाही. उलट, चाळिशी-पन्नाशीनंतर मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज बहुतेकांना दिसते. ती ज्यांना चक्कर येते त्यांनाही दिसते आणि ज्यांना कधीच येत नाही त्यांनाही दिसते. फोटोत दिसते म्हणून ते कारण ठरते.

मी तो पट्टा सात महिने वापरला.

मज्जा

मज्जारज्जूतल्या पोकळीचा इतिहास चक्करेपासून पूर्ण वेगळा चालत आला. पॅरिसच्या शार्ल एस्तिएन यांच्या १५४५ सालच्या शरीररचनेच्या ग्रंथात तिचा उल्लेख आहे. तिला नाव दिले ओलिविए दांझे या फ्रेंच डॉक्टरांनी, १८२७ साली. ग्रीक भाषेत सिरिंक्स म्हणजे वेळूचा पावा आणि मायेलॉस म्हणजे मज्जा, त्यावरून ‘सिरिंगोमायेलिया’. पॅन या देवापासून पळताना सिरिंक्स नावाची अप्सरा वेळू झाली आणि त्याने त्या वेळूचा पावा केला, अशी ग्रीक कथा आहे. इंजेक्शनची सिरिंजही त्याच शब्दाची लेक. अहवालातल्या त्या परक्या शब्दाला पोकळ नळीइतकाच साधा अर्थ आहे हे कळल्यावर तो मला जरा जवळचा वाटू लागला.

ही पोकळी तेव्हा फक्त शवविच्छेदनात दिसे. १८८०च्या दशकात जर्मनीचे शुल्त्से आणि प्रागचे काहलर यांनी तिची जिवंतपणीची खूण सांगितली. अशा रुग्णाला हातावर बोट फिरवलेले कळते. पण चटका कळत नाही, सुई टोचलेली दुखत नाही. कारण रचनेतच आहे. वेदना आणि तापमान यांच्या खबरा वाहणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्याजवळून पलीकडच्या बाजूला जातात. पोकळी नेमकी तिथेच वाढते, म्हणून आधी तेच तुटतात. साध्या स्पर्शाच्या खबरा बऱ्याच अंशी मागच्या बाजूने जातात, त्या वाचतात.

१८८३ साली ब्रिटनीतल्या लानिलिस या खेड्यातले डॉक्टर ऑग्युस्तँ मोर्वां यांनी एक विलक्षण निरीक्षण छापले. त्यांच्या भागातल्या काही रुग्णांच्या बोटांना वारंवार नखुरडे होई, हाड झडे. पण चिरा दिला तरी वेदना होत नसे. पुढे अशा रुग्णाच्या शवविच्छेदनात मज्जारज्जूतली पोकळी सापडली. मात्र कॉन्स्टँटिनोपलचे झांबाको पाशा ठामपणे म्हणाले, की हा महारोगच आहे. ब्रिटनीत तो मध्ययुगापासून लपून राहिला आहे. आज हे विचित्र वाटेल, पण दोन्ही रोगांत बधिर हात, न कळणारे चटके आणि झडणारी बोटे सारखीच असतात. हान्सेन यांनी कुष्ठरोगाचे जंतू १८७३ सालीच पाहिले होते, तरी हा वाद नव्वदच्या दशकापर्यंत चालला. आपल्याकडे या वादाला अजूनही व्यावहारिक अर्थ आहे. बधिर हात घेऊन आलेल्या माणसाच्या बाबतीत इथला डॉक्टर आधी कुष्ठरोगाचा विचार करतो, आणि तो योग्यच आहे. त्वचेवर चट्टा नाही, कोपराजवळची नस जाड झालेली नाही, तर मग मज्जारज्जूकडे वळावे लागते.

पोकळी का होते, याचे एक उत्तर प्रागमध्येच मिळाले. हान्स कियारी यांनी १८९१ साली लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या भोकातून मानेच्या कालव्यात उतरलेला असतो अशी विकृती वर्णन केली. त्यांच्या पहिल्या प्रकारचा नमुना होती सतरा वर्षांची एक मुलगी. ती विषमज्वराने वारली होती. लहान मेंदूच्या बिघाडाची कोणतीही तक्रार तिला हयातीत नव्हती. शरीरात काहीतरी सापडणे आणि त्याचा त्रास असणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे त्या पहिल्याच नोंदीत दिसते.

न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅबी आणि कोली यांनी १८९२ साली पोकळी उघडून पाणी काढले. खरी दिशा मिळाली ती १९५०च्या दशकात. क्लीव्हलँडच्या जेम्स गार्डनर यांनी पोकळीकडे न पाहता कवटीच्या तळाशी अडलेल्या द्रवाकडे पाहिले आणि तिथली जागा मोकळी करण्यावर भर दिला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बर्नार्ड विल्यम्स यांनी खोकताना आणि कुंथताना बदलणाऱ्या दाबाचे गणित मांडले. १९९४ साली अमेरिकेत एडवर्ड ओल्डफील्ड यांनी दाखवले, की खाली उतरलेला लहान मेंदूचा भाग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला दट्ट्यासारखा हलतो आणि द्रव मज्जारज्जूत रेटतो.

या चर्चेत मुंबईचाही वाटा आहे. केईएम रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद डॉ. अतुल गोयल यांनी लाहेरी यांच्यासह १९९४ साली मानेचे पहिले दोन मणके स्क्रू आणि पट्टीने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती आज जगभर वापरली जाते. २०१५ साली त्यांनी ६५ रुग्णांच्या अनुभवावरून असे मांडले, की कियारी विकृतीचे मूळ या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत आहे. जगातले अनेक शल्यविशारद हे मान्य करत नाहीत. वाद चालू आहे. रोगाला नाव मिळून जवळपास दोनशे वर्षे झाली तरी त्याच्या यंत्रणेवर एकमत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करण्याऐवजी धीर देते. माझ्यापुढे बसलेले तीन तज्ज्ञ तीन गोष्टी बोलले, त्यात निष्काळजीपणा नव्हता.

तोल

एमआरआय यंत्रे १९८०च्या दशकात रुग्णालयांत आली. त्याआधी पोकळी पाहण्यासाठी कण्यात हवा किंवा औषध सोडून फोटो काढावे लागत. ते क्लेशकारक असे, म्हणून ज्यांना ठळक लक्षणे आहेत त्यांचेच होई. साहजिकच पुस्तकातले समीकरण होते: पोकळी म्हणजे रोग. एमआरआयने ते मोडले. पाठदुखीसाठी, अपघातासाठी, चक्करेसाठी फोटो काढलेल्या माणसांत अरुंद, न वाढणाऱ्या पोकळ्या दिसू लागल्या. गर्भावस्थेत मज्जारज्जूच्या मधोमध एक नलिका असते. ती पुढे बहुतेकांत बुजते, काहींत थोडी उरते. एक्स-रेतली झीज आणि एमआरआयमधली अरुंद नळी, दोन्हींची गोष्ट सारखीच. नवे साधन आधी दिसत नव्हते ते दाखवते आणि जुनी तक्रार त्याच्या नावे जमा होते.

मग मज्जारज्जूचा तोलाशी संबंधच नाही का? आहे, आणि तो बर्लिनच्या मोरित्स रोम्बर्ग यांनी १८४०च्या दशकात दाखवला. मज्जारज्जूच्या मागच्या भागाचा क्षय झालेले रुग्ण डोळे उघडे असताना नीट उभे राहत. डोळे मिटले की डोलू लागत. तोंड धुण्यासाठी डोळे मिटून वाकले की त्यांचा तोल जाई. पावलांखालची जमीन कशी आहे ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या खांबांतून वर जाते. ती तुटली की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो. पोकळी त्या खांबांपर्यंत रुंदावली तर झोक जाईल. ती वर चढून मेंदूच्या देठात शिरली तर खरी भोवळ येते, डोळे थरथरतात, आवाज बसतो. लहान मेंदू खाली उतरलेला असला तरीही चक्कर येऊ शकते.

हे तिन्ही मुद्दे मी एका वहीत लिहून न्यूरोसर्जनपुढे ठेवले. त्यांनी एकेक तपासला. पोकळी मेंदूच्या देठापासून पुष्कळ खाली. लहान मेंदू जागेवर. डोळे मिटून मी उभी राहू शकते. चटका कळतो. शस्त्रक्रियेचा विषय तिथे थांबला. दरवर्षी एमआरआय, जड उचलणे टाळणे आणि लक्ष ठेवणे, एवढे ठरले. तेव्हापासून दर रविवारी मी गरम आणि गार पाण्याच्या दोन वाट्या घेते आणि दोन्ही हातांची बोटे आळीपाळीने बुडवून पाहते. ही माझी घरगुती तपासणी काहलर आणि शुल्त्से यांची देणगी आहे. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळू लागली, खोकल्याबरोबर मानेमागे कळ येऊ लागली किंवा पोळी भाजताना चटका कळेनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जायचे.

आता माझ्या फाइलीत दोन नोंदी आहेत. पहिली: दीर्घकालीन चक्कर, कारण निश्चित नाही. दुसरी: मज्जारज्जूत अरुंद पोकळी, स्थिर. पूर्वी एका अहवालात या दोहोंच्या मध्ये ‘म्हणून’ असा अर्थ निघत होता. तो शब्द आता तिथे नाही, आणि नसलेलाच बरा. हिशेबात न जुळलेली रक्कम ‘निलंबित खाते’ म्हणून वेगळी दाखवतात. ती भलत्याच्या नावे घातली तर ताळेबंद जुळल्यासारखा दिसतो, पण पुढे कधीतरी त्याची किंमत मोजावी लागते. ‘कारण निश्चित नाही’ म्हणजे ‘काही झालेले नाही’ असे नव्हे, हे मात्र घरच्यांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही सांगावे लागते.

ज्यांना अशीच चक्कर येते त्यांना इतिहासातून काढलेली एक सूचना. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली चक्करेच्या रुग्णांना ती कशी वाटते हे विचारले आणि काही मिनिटांनी पुन्हा विचारले. निम्म्याहून अधिकांनी प्रकार बदलून सांगितला. कशी वाटते हे शब्दात पकडणे इतके कठीण आहे. कधी येते, किती वेळ टिकते आणि काय केल्यावर येते, ही तीन उत्तरे त्या मानाने पक्की असतात. ती घरून लिहून न्यावीत. आणि भोवळ, घेरी, अंधारी, झोक यांपैकी जो शब्द आपल्याला लागू पडतो तोच डॉक्टरांना सांगावा.

माझे पाच एमआरआय झाले आहेत. पोकळीची रुंदी पाचही अहवालांत तीन मिलिमीटर आहे. तोल सावरण्याचे व्यायाम दीड वर्षापासून चालू आहेत. मंडईतून हातात पिशवी घेऊन, भिंतीला हात न लावता येता येते. जमीन अजून हलते, पण पूर्वीपेक्षा कमी.